बर्फावरची सुट्टी : आल्प्समधील गाव का निवडावे?

युरोपच्या उन्हाळी सहलीला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबाच्या संग्रही आल्प्स पर्वताचे एखादे तरी छायाचित्र असतेच. आगगाडीने किंवा रोपवेने उंच शिखरावर जावे, मे महिन्यातही टिकून राहिलेल्या बर्फात मुलांसह अर्धा तास खेळावे, गरम कॉफी प्यावी आणि पुन्हा बसमध्ये येऊन बसावे, एवढाच तो परिचय. स्कीइंगची सुट्टी ही याहून अगदी निराळी गोष्ट आहे. तीत पाहणे कमी आणि करणे अधिक असते. एकाच गावी सहा-सात दिवस मुक्काम करायचा, पायांना लांब पट्ट्या बांधायच्या आणि बर्फाच्या उतारावर आपला तोल आपणच सांभाळायला शिकायचे, असे तिचे स्वरूप आहे. नोकरीनिमित्त युरोपात स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे हिवाळ्यात राहायला जाणाऱ्या आईवडिलांपुढे हा बेत कधी ना कधी येतोच, आणि इथून खास त्यासाठी जाण्याचा विचार करणारी कुटुंबेही आहेत.

अशा वेळी ‘कोठे जावे?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा खर्चाच्या आकड्यावरून किंवा हॉटेलच्या छायाचित्रांवरून ठरते. या स्तंभात आपण ते प्रकृतीच्या अंगाने शोधू. स्कीइंग हा मौजेचा खेळ खराच, परंतु तो वेगाचा, उंचीचा आणि थंडीचा खेळ आहे. वर्षभर खुर्चीत बसून काम करणारे चाळिशीपुढचे वडील, गुडघ्यांची कुरकुर सुरू झालेली आई, रक्तदाबाची गोळी घेणारे आजोबा आणि कशाचीच भीती न वाटणारी आठ वर्षांची नात अशी चार निरनिराळी शरीरे एकाच डोंगरावर जाणार असतील, तर त्या चौघांनाही सामावून घेणारी जागा हवी. आल्प्समधील जुन्या गावांचे खरे वैशिष्ट्य हेच आहे. तिथला बर्फ इतरत्रही मिळेल. पण बर्फाभोवती दीडशे वर्षांत उभी राहिलेली, माणसाच्या मर्यादा ओळखणारी व्यवस्था सहजासहजी मिळत नाही.

रुग्णांच्या गावाचे खेळाडूंचे गाव

ही व्यवस्था कशी निर्माण झाली, हे समजण्यासाठी स्वित्झर्लंडमधील दावोस या गावाचे उदाहरण घेऊ. आज जागतिक अर्थपरिषदेमुळे वृत्तपत्रांत गाजणारे हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवर वसले आहे. १८५३ मध्ये अलेक्झांडर स्पेंग्लर नावाचा तरुण डॉक्टर येथे ग्रामवैद्य म्हणून आला. तो मूळचा जर्मनीचा. तेथील १८४८-४९ च्या क्रांतीत भाग घेतल्यामुळे त्याला मायदेश सोडावा लागला होता. या खोऱ्यातील रहिवाशांत क्षयरोग जवळजवळ आढळत नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. डोंगरावरची कोरडी, स्वच्छ हवा, हिवाळ्यातही मिळणारे भरपूर ऊन, पुरेसा आहार आणि विश्रांती यांचा रुग्णांना उपयोग होईल, असे त्याने मांडले.

१८६५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन थंडीत, पहिले रुग्ण तेथे आले. थंडीत डोंगरावर जाणे हा तोवर वेडेपणा समजला जात असे. पुढे विलेम यान होल्सबर या डच गृहस्थाने आजारी पत्नीला घेऊन दावोस गाठले, स्पेंग्लरबरोबर आरोग्यधाम उभारले आणि १८९० मध्ये रेल्वे गावापर्यंत आली ती त्याच्याच पुढाकाराने. सज्जात घोंगड्यांत गुंडाळून घेऊन तासन्‌तास मोकळ्या हवेत पडून राहणारे रुग्ण हे दावोसचे नित्याचे दृश्य झाले. थॉमस मान यांची पत्नी १९१२ मध्ये येथेच उपचारासाठी राहिली होती; त्या भेटीतून त्यांच्या १९२४ च्या प्रसिद्ध कादंबरीचा जन्म झाला.

खेळही याच वाटेने आला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल क्षयग्रस्त पत्नीसह १८९३ मध्ये दावोसला आले होते. तेथील दोन स्थानिक भावांच्या सोबतीने १८९४ मध्ये ते स्कीवरून खिंड ओलांडून शेजारच्या आरोझा गावी गेले आणि तो अनुभव त्यांनी इंग्रजी मासिकात लिहिला. आजाऱ्याच्या सोबतीला आलेल्या धडधाकट माणसांना दिवस घालवायला काही तरी हवे होते; ते त्यांना बर्फाच्या उतारांवर सापडले. १९३४ च्या नाताळात दावोसच्या बोल्गेन उतारावर, आकडीला टेकून माणसाला वर ओढून नेणारी यांत्रिक दोरी सुरू झाली. त्यामुळे उतार चढून जाण्याचे कष्ट संपले आणि सर्वसामान्य प्रकृतीच्या माणसालाही दिवसभर स्कीइंग करणे शक्य झाले. क्षयावर प्रतिजैविके आल्यानंतर आरोग्यधामे ओस पडू लागली आणि त्यांतील अनेकांची हॉटेले झाली. उन्हाकडे तोंड केलेले सज्जे मात्र तसेच राहिले.

हा इतिहास केवळ मनोरंजनासाठी सांगितला नाही. ज्या गावाने आधी दुबळ्या माणसाची सोय पाहिली आणि मग बलवानांची, त्या गावाच्या रचनेत तो क्रम आजही दिसतो. सपाट फिरण्याच्या वाटा, बसायला बाके, ऊन मिळेल अशा जागा, जवळ रुग्णालय आणि गावापर्यंत येणारी रेल्वे या सोयी तिथे खेळाच्या आधीपासून आहेत.

झोप खाली, खेळ वर

पहिले कारण उंचीचे. समुद्रसपाटीवर राहणाऱ्या मुंबईकराचे किंवा कोकणातल्या माणसाचे शरीर दाट हवेला सरावलेले असते. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब घटतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू कमी होतो. १,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे पाच-षष्ठांश असतो. ३,५०० मीटरवर जेमतेम दोन-तृतीयांश. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे अशी उंचीच्या आजाराची लक्षणे सामान्यतः २,५०० मीटरच्या पुढे दिसू लागतात आणि त्यांत रात्रीचा मुक्काम किती उंचीवर आहे याला विशेष महत्त्व असते.

आल्प्समधील बहुसंख्य जुनी स्की-गावे १,००० ते १,८०० मीटरच्या दरम्यान आहेत. वेंगेन १,२७४ मीटरवर, ऑस्ट्रियातील सेंट अँटन १,३०४ मीटरवर, झरमॅट सुमारे १,६०० मीटरवर. दिवसा रोपवेने दोन-अडीच हजार मीटरवर जावे, खेळावे आणि संध्याकाळी झोपायला खाली यावे, असा दिनक्रम येथे आपोआप घडतो. आपल्याकडील गुलमर्ग हे स्कीइंगचे सुंदर ठिकाण आहे आणि तेथील बर्फाची कीर्ती मोठी आहे. परंतु गावच सुमारे २,६५० मीटरवर आणि रोपवेचा वरचा टप्पा चार हजार मीटरच्या आसपास. निरोगी तरुणाला तेथे फारशी अडचण येणार नाही, पण लहान मूल आणि आजोबा बरोबर असतील तर हा फरक बेत ठरवताना मोजला पाहिजे.

आल्प्समध्येही पहिला दिवस राखून ठेवावा. भारतातून गेलेल्यांना हिवाळ्यात साडेचार तासांच्या वेळेच्या फरकाशीही जुळवून घ्यायचे असते. पहाटे तीन-चारला जाग येते आणि संध्याकाळी डोळे मिटू लागतात. अशा अर्धवट झोपेच्या शरीराला लगेच उतारावर नेऊ नये. पहिल्या दिवशी गावात फिरावे, बूट मापून घ्यावेत, पाणी भरपूर प्यावे.

शिकवण्याची परंपरा

दुसरे कारण शिक्षणाचे. स्की हे मुळात उत्तर युरोपातील लोकांचे बर्फावरून चालण्याचे साधन. तीव्र उतारावरून वळणे घेत सावकाश उतरण्याचे शास्त्र मात्र आल्प्समध्ये घडले. ऑस्ट्रियातील मथियास झ्डार्स्की यांनी १८९० च्या दशकात या पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्यानंतर सेंट अँटन येथील हानेस श्नायडर यांनी १९२० च्या दशकारंभी स्कीशाळा काढली. विद्यार्थ्यांची त्यांच्या कौशल्याप्रमाणे गटवारी करायची, एक पायरी पक्की झाल्याखेरीज पुढची शिकवायची नाही, हा त्यांचा दंडक. आज आल्प्समधील कोणत्याही गावी गेलात तरी स्कीशाळेचे काम याच तत्त्वावर चालते.

याचा आरोग्याशी संबंध काय? तो अगदी थेट आहे. नवख्या माणसाला इजा होते ती बहुधा न झेपणाऱ्या उतारावर जाण्यामुळे. मित्राच्या किंवा मेहुण्याच्या भरवशावर वर गेलेल्या माणसाला खाली येण्याचा दुसरा मार्ग ठाऊक नसतो. शाळेत मात्र पहिले धडे जवळजवळ सपाट जमिनीवर होतात. स्कीची टोके जवळ आणून, मागच्या बाजू फाकवून, नांगराच्या आकारात वेग कसा मोडायचा, हे आधी शिकवले जाते. पडावे कसे आणि उठावे कसे, तेही. मुलांसाठी निराळे अंगण असते आणि जमिनीलगत सरकणाऱ्या पट्ट्यावर उभे राहून ती वर जातात. तीन-चार वर्षांच्या मुलांपासून वर्ग भरतात. आईवडिलांनी आपल्या मुलाला स्वतः शिकवण्याचा हट्ट न धरता त्याला शाळेत सोडावे आणि आपणही मोठ्यांच्या वर्गात बसावे. दोघांचेही गुडघे आणि परस्परसंबंध शाबूत राहतात.

उतारांची रंगांनी केलेली वर्गवारीही येथे उपयोगी पडते. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटलीत निळा उतार सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी नवख्यांसाठी हिरवा असतो. गाव निवडताना एकूण किती किलोमीटर उतार आहेत, यापेक्षा निळे उतार किती आहेत आणि ते उन्हात आहेत की सावलीत, हे पाहावे. सेंट अँटनचे नाव मोठे आहे, पण तेथील डोंगर अनुभवी माणसाचा. पहिल्याच वर्षी तेथे जाणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी खोल विहीर निवडणे.

न खेळणाऱ्यांचे गाव

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कुटुंबातील प्रत्येकजण स्कीइंग करणार नसतो, आणि करू नयेही. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, ज्यांना छातीत दुखण्याचा त्रास आहे, ज्यांचा सांधा नुकताच बदलला आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी हा खेळ टाळावा किंवा निदान आपल्या डॉक्टरांचा स्पष्ट सल्ला घेतल्यावाचून त्याकडे वळू नये. थंडी आणि अचानक श्रम हे दोन्ही हृदयावरचा भार वाढवतात. म्हणून मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या पन्नाशीपुढच्या व्यक्तीने निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

अशा माणसांनी मग हॉटेलच्या खोलीत खिडकीपाशी बसून राहायचे काय? आल्प्समधील गावात तशी वेळ येत नाही. बर्फ दाबून केलेल्या चालण्याच्या वाटा बहुतेक गावांत असतात. वेंगेन, म्युरेन, झरमॅट या गावांत तर खासगी मोटारींना प्रवेशच नाही. वेंगेनला जायचे ते लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांच्या रेल्वेने. रस्त्यावर वाहने नाहीत, धूर नाही, म्हणून आजीला नातवंडाचा हात सोडून निवांत चालता येते. ऑस्ट्रियातील झेरफाउस या सुमारे १,४३० मीटरवरील गावाने १९८५ मध्ये मोटारींची गर्दी टाळण्यासाठी गावाखालून छोटी भुयारी रेल्वे सुरू केली. कुटुंबासह जाणाऱ्यांना ते गाव विशेष सोयीचे आहे. न खेळणाऱ्यालाही रोपवेने वरच्या उपाहारगृहापर्यंत जाता येते आणि दुपारचे जेवण सर्वांना एकत्र घेता येते. ज्या सुट्टीत निम्मे कुटुंब वर आणि निम्मे खाली, तिला कौटुंबिक सुट्टी म्हणता येणार नाही.

दमा असलेल्यांच्या बाबतीत थोडा विचार करावा लागतो. उंचीवरच्या कोरड्या हवेत घरातील धुळीचे सूक्ष्म कीटक फारसे जगत नाहीत. म्हणूनच दावोसमध्ये दम्यावरील उपचारांची परंपरा रुजली. परंतु थंड, कोरड्या हवेत जोराने धापा टाकल्यास काहींची श्वासनलिका आकुंचन पावते. इनहेलर खिशात, तोही कोटाच्या आतल्या, उबदार खिशात ठेवावा आणि नाकातोंडावर लोकरी पट्टी घ्यावी.

सुरक्षेची शिस्त

चौथे कारण सुरक्षेचे. उतारावर वागण्याचे दहा नियम आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने घालून दिले आहेत आणि आल्प्समध्ये ते जागोजागी लावलेले दिसतात. त्यांतला एक नियम मुलांना तोंडपाठ करून द्यावा : मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळून मार्ग निवडायचा. पुढे असलेला माणूस कसाही वळला तरी त्याला धक्का न लागण्याची जबाबदारी मागच्याची. अपघात झाल्यास मदतीसाठी थांबणे हेही त्या नियमांतच येते.

दावोसलाच स्वित्झर्लंडची हिम आणि हिमप्रपात संशोधन संस्था आहे. हिमकडा कोसळण्याचा धोका एक ते पाच या श्रेणींत मांडणारे तिचे निवेदन ऐन हिवाळ्यात दिवसातून दोनदा प्रसिद्ध होते. आखलेल्या आणि खुल्या असलेल्या उतारांवर हिमकड्यांपासून संरक्षणाची काळजी व्यवस्थापन घेते. दोरीपलीकडच्या अस्पर्श बर्फात मात्र ती जबाबदारी ज्याची त्याची. नवख्याने ती दोरी कधीही ओलांडू नये. उतारांवर गस्तीपथके असतात. युरोपभर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे आणि स्वित्झर्लंडमध्ये हवाई मदतीसाठी १४१४. हे दोन आकडे प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवावेत.

ही मदत तत्पर असते, पण फुकट नसते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो. मात्र अनेक साध्या प्रवासविम्यांत हिवाळी खेळांतील इजा वगळलेली असते किंवा तिच्यासाठी जादा हप्ता द्यावा लागतो. पॉलिसीतील तो बारीक अक्षरांतला मजकूर निघण्यापूर्वी वाचावा. हेलिकॉप्टरने उचलून नेण्याचा खर्च आणि दुसऱ्या व्यक्तीला आपल्यामुळे झालेल्या इजेची भरपाई त्यात आहे का, हेही विचारावे. इटलीत तर उतारावर जाताना ही दुसरी भरपाई देणारा विमा कायद्यानेच आवश्यक आहे.

जे आल्प्स देत नाही, ते आपण न्यावे

उत्तम गाव निवडले म्हणजे सर्व झाले, असे मात्र नाही. स्कीचे आजचे ताठ बूट घोट्याला आणि नडगीला चांगले जपतात. परिणामी पिळवटण्याचा जोर वर गुडघ्याकडे जातो. गुडघ्यातील अस्थिबंध दुखावणे ही या खेळातील नेहमीची इजा. पुढचा मुख्य अस्थिबंध पूर्ण तुटला तर शस्त्रक्रिया, व्यायाम आणि पुन्हा खेळण्याजोगी स्थिती यांत नऊ महिने सहज जातात, आणि स्त्रियांना हा धोका पुरुषांपेक्षा अधिक असतो. एका आठवड्याच्या सुट्टीसाठी ही किंमत फार झाली.

ती टाळण्याची तयारी घरीच, निघण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे सुरू करावी. रोज अर्धा तास भरभर चालणे किंवा जिने चढणे-उतरणे. त्यातही उतरण्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण स्कीइंगमध्ये मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच काम करतात. भिंतीला पाठ टेकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे अर्धा मिनिट थांबणे. बैठका, पण गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून. एका पायावर उभे राहून दात घासणे, म्हणजे तोलाचा सराव वेगळा वेळ न काढता होतो. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात, त्यांनी हे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावेत.

गावी पोहोचल्यावर स्की भाड्याने घेताना वजन, उंची, वय आणि आपली खरी पातळी सांगावी. पडताना बूट स्कीपासून सुटावा यासाठीची पकड या माहितीवरून बसवली जाते. वजन चार किलोंनी कमी सांगणे किंवा ‘थोडेसे येते’ असे मोघम म्हणणे इथे महागात पडते. हेल्मेट लहानथोर सर्वांनी घालावे. हातातल्या काठीचा पट्टा पडताना अंगठ्यात अडकून त्याचा अस्थिबंध दुखावतो, म्हणून काठी सोडून देण्याची सवय लावावी.

दिवसाचा बेत थोडा हात राखून करावा. पायांतले त्राण संपत आलेले असते, बर्फ संध्याकाळी घट्ट होऊ लागतो आणि उजेडही कमी होतो, अशा वेळी ‘एकच फेरी’ म्हणून वर जाण्याचा मोह आवरावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग सर्वाधिक आंबते. तेव्हा अर्धा दिवस विश्रांती घेतल्यास पुढचे तीन दिवस चांगले जातात.

ऊन, पाणी आणि पान

थंडीची धास्ती सर्वांना असते, उन्हाची कुणालाच नसते. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतील ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. म्हणजे ऊन वरून येते तसेच खालूनही येते. हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली, कानांमागे सनस्क्रीन लावावे, ओठांनाही. गॉगल उतरवून ठेवल्यास काही तासांत डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, पाणी येते, उजेड सोसवत नाही. यालाच हिमांधत्व म्हणतात. सावळ्या कातडीला ऊन लागत नाही, हा समज बर्फावर तरी सोडून द्यावा.

कपड्यांत आपली सुती बनियन घरीच ठेवावी. घामाने भिजलेले सूत अंगाला चिकटते आणि अंग गार पाडते. आत पातळ लोकर किंवा घाम बाहेर टाकणारे कृत्रिम कापड, मध्ये उबदार थर, वर वारा आणि पाणी अडवणारा थर, अशी तिहेरी मांडणी हवी. नाकाचा शेंडा, कान किंवा बोटे पांढरी पडून बधिर झाली तर आत जाऊन ती हळूहळू ऊब देऊन पूर्ववत करावीत. बर्फाने चोळू नयेत. दारूने ऊब येते हाही भ्रमच. कातडीकडे रक्त धावल्याने उष्णता उलट अधिक निघून जाते.

कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जाते आणि थंडीमुळे तहान जाणवत नाही, म्हणून दर दोन तासांनी ठरवून पाणी प्यावे. शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही. किसलेल्या बटाट्याची तव्यावर भाजलेली रॉष्टी, पास्ता, सूप, पाव आणि चीज सर्वत्र मिळते. मात्र पारंपरिक स्विस चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण वापरलेले असते आणि फोंड्यूमध्ये पांढरी वाइन. ज्यांना हे वर्ज्य आहे, त्यांनी विचारून घ्यावे. स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास आपली मुगाची खिचडी सर्वांत उत्तम. १,५०० मीटरवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजायला वेळ लागतो. छोटा कुकर बरोबर नेल्यास तो कारणी लागतो.

गाव आणि महिना

आल्प्समधील हिवाळा आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. तापमानवाढीमुळे कमी उंचीवरील उतारांवर बर्फ उशिरा येतो आणि लवकर जातो. कृत्रिम बर्फ बनवण्याची यंत्रे आहेत, पण त्यांनाही गोठणबिंदूखालची थंडी लागते. म्हणून झोपण्याचे गाव खाली असले तरी खेळण्याचे उतार दोन हजार मीटरच्या आसपास किंवा वर असतील, हे पाहावे. जानेवारीचा मध्य ते मार्चचा आरंभ हा काळ बर्फाच्या दृष्टीने भरवशाचा. त्यात जानेवारीत गर्दी आणि दर दोन्ही तुलनेने कमी, तर फेब्रुवारीत युरोपातील शाळांच्या सुट्ट्यांमुळे रांगा मोठ्या. आपल्या मुलांना नाताळातच सवड मिळत असेल, तर उंच उतार असलेलेच ठिकाण घ्यावे आणि नोंदणी लवकर करावी. मे महिन्यात मात्र ही गावे बहुधा सुस्त असतात. तेव्हा ऑस्ट्रियातील हिंटरटुक्स हिमनदीसारखी मोजकीच ठिकाणे खुली असतात.

एवढे सारे वाचून कोणाला वाटेल की, सुट्टी म्हणावी की परीक्षा? परंतु या सावधगिरीचा उद्देश भीती घालणे नाही. स्वच्छ थंड हवेत दिवसभर हालचाल, संध्याकाळी खरीखुरी भूक, रात्री गाढ झोप आणि पडून पुन्हा उठण्याचा सराव ही चांगली सुट्टीच आहे. आईबाबांनाही काही येत नाही आणि तेही पडतात, हे मुलाने एकदा जवळून पाहावे. त्याच्या मनाच्या वाढीला ते पोषकच आहे.

म्हणून बेत आखताना घरातल्या सर्वांत चपळ माणसाला काय आवडेल, येथून सुरुवात करू नये. सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाला कोणत्या गावी आठ दिवस सुखाने राहता येईल, हे आधी पाहावे. तिथली झोपण्याची उंची, चालण्याची वाट, स्टेशनापासूनचे अंतर आणि डॉक्टरची सोय यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर उरलेल्यांना पुरेल एवढा डोंगर आल्प्समधील त्या गावामागे बहुधा उभा असतोच.